अकराच्या आतला प्रचार

१ जानेवारी, बुधवार. सकाळी दहा.

नवी डायरी. लेकीने, ऊर्मीने, लंडनहून पाठवली. आपलं ओंटारियोतलं लंडन. नागपूरच्या सासूबाई अजून शेजाऱ्यांना सांगतात की नात इंग्लंडला असते. मी दुरुस्त करत नाही.

यंदाचा संकल्प एकच. स्कारबरो मराठी स्नेहमंडळाचा अध्यक्ष व्हायचं. आणि हो, आकडे मराठीतच लिहायचे. तीस वर्षं कॅनडात राहून माणूस आपला एक आकडाही विसरतो, हे मी इतरांत पाहिलं आहे.

गेल्या वर्षी राजनला त्रेसष्ट मतं, मला अकरा. लोकांना वाटतं मी पडलो. वस्तुस्थिती अशी की हॉलचं हीटिंग बंद होतं आणि माझे मतदार थंडीला कंटाळून मतदानाआधी घरी गेले. राजनचे मतदार जाड कातडीचे.

राजन म्हणजे डॉक्टर राजन. दातांचे. आता रिटायर्ड. दोन वर्षं अध्यक्ष आहे, आणि केलं काय, तर गणपतीला मोठ्या समोशांच्या जागी छोटे समोसे आणले.

बायकोला, सुनंदाला, सांगितलं, यंदा पुन्हा उभा राहतोय. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांच्या रक्ताचे नमुने तपासते. म्हणाली, बघा बाई. म्हणजे पाठिंबा आहे.

७ जानेवारी, मंगळवार. दुपारी दोन.

गाडीला बर्फासाठीचे विंटर टायर्स बसवायला गेलो. सुनंदा नोव्हेंबरपासून मागे लागली होती, पण नोव्हेंबरात सगळेच जातात. जानेवारीत कुणी नसेल असा माझा अंदाज. माझ्यापुढे चार गाड्या. असा विचार करणारे आणखी चार लोक स्कारबरोत आहेत, हे कळलं. गॅरेजवाला दोन तास लागतील म्हणाला.

शेजारी एक चिनी हॉटेल. पाटीवर सगळं चिनीत, इंग्रजीत फक्त 'रेस्टॉरंट'. आत गेलो ते केवळ वॉशरूमसाठी. बाहेर यायला सव्वा तास लागला.

डिम सम. इतकी वर्षं हे नाव ऐकून होतो, मला वाटायचं व्यायामाचा प्रकार आहे. बांबूच्या छोट्या टोपल्या, वाफेवरून थेट टेबलावर. एका टोपलीत तीन-चार नग. ऑर्डरचा एक छापील कागद मिळतो, पदार्थासमोर पेन्सिलीने आकडा लिहायचा, बाई येऊन कागद घेऊन जाते. चहाची किटली संपली की झाकण तिरकं ठेवायचं, न बोलता भरून मिळते. आणि सकाळी अकराच्या आत ऑर्डर दिली तर दर जवळजवळ निम्मे.

कोळंबीचे वाफवलेले मोदक खाल्ले. पारी इतकी पातळ की आतली कोळंबी लाजते आहे असं दिसतं. कागदावरचं नाव वाचलं तर 'हार गाव'. निवडणुकीच्या वर्षात हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मोदक म्हणायचं.

सगळीकडे म्हातारी माणसं पेपर वाचत, टेबलं शेअर करत बसलेली. कुणी उठवत नव्हतं. वाढणाऱ्या बाईचं नाव विनी, छातीवर बिल्ला आहे. तिने मला बॉस म्हटलं. ती सगळ्यांनाच बॉस म्हणते, पण माझ्या वेळी जरा थांबून म्हणाली.

तिसरा मोदक खाताना कल्पना सुचली. तोंड भरलेला माणूस वाद घालत नाही. इतक्या स्वस्तात इतकी तोंडं भरायची सोय राजनला अजून सापडलेली नाही.

९ जानेवारी, गुरुवार.

योजना पक्की. दर मंगळवारी आणि शनिवारी, साडेनऊ ते अकरा, चार-पाच मतदारांना डिम समची न्याहारी. खाताना माझं छोटं भाषण. मार्चअखेरीस पाडव्याच्या कार्यक्रमात निवडणूक. तोपर्यंत अख्खं मंडळ वाफवून निघेल.

प्रचारप्रमुख नंदू. सुनंदाचा मावसभाऊ. सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करतो, म्हणजे सकाळी मोकळा. तो म्हणाला, भाऊजी, मी मोकळा नसतो, माझी मीटिंग म्यूटवर असते. मी म्हटलं, तेच ते.

सुनंदा म्हणाली, मलाही एकदा न्या की तिथे. माझी गुरुवारी सुट्टी असते. तिला समजावलं. टेबलाला जागा कमी, आणि तिचं मत आधीच पक्कं. पक्क्या मतावर कोळंबी खर्च करायची नसते. निवडणुकीनंतर नेईन. तिने चष्मा पुसून पेपर उघडला. पटलं.

१४ जानेवारी, मंगळवार. दुपारी.

पहिली न्याहारी. मी, नंदू आणि तीन मतदार.

आज संक्रांत. तिथे तळलेले तिळाचे गोळे मिळतात, आत गोड सारण. ते प्रत्येकाच्या हातावर ठेवून गोड बोलण्याची विनंती केली. राजनला हे सात जन्मांत सुचलं नसतं. गोळा आतून उकळता असतो, हे मात्र मलाही माहीत नव्हतं. एकाची जीभ भाजली. तो पुढे काही बोलूच शकला नाही, म्हणजे गोड बोलला नाही तरी वाईटही बोलला नाही.

मग भाषणाला उभा राहिलो. विषय 'मंडळाची नवी दिशा', बारा मिनिटं. पहिल्या वाक्याला टोपल्या आल्या. विनीने एकेक झाकण उघडलं, वाफेने माझा चष्मा भरला. पुसून घातला तेव्हा चौघांच्याही माना खाली. मला वाटलं, विचारात पडले. दुसऱ्या वाक्याला आणखी टोपल्या आल्या.

एक अडचण. टोपलीत नग चार, माणसं पाच. प्रत्येक टोपलीला शेवटचा नग मध्ये पडून राहतो, सगळे एकमेकांना घ्या घ्या करतात. कोंडी फोडायला नेतृत्व लागतं. ती प्रत्येक वेळी मी फोडली. घरी येऊन सोडा घेतला.

१८ जानेवारी, शनिवार.

दुसरी न्याहारी. सहा माणसं बोलावली, अकरा आली. लाट आहे.

भाषण नऊ मिनिटांवर आणलं. झालं नाही. दोन टेबलं जोडली होती, मी उभा होतो त्या टोकाला ऐकू येत होतं, त्या टोकाला डुकराच्या मांसाच्या पावाचं वाटप चालू होतं. परत जाताना एकाने माझा हात हातात घेऊन भावनावश होऊन विचारलं, तो पाव फ्रीजमध्ये किती दिवस टिकतो.

२५ जानेवारी, शनिवार. दुपारी एक.

आजची न्याहारी सगळ्यात महत्त्वाची. दादासाहेब आले होते. वय चौऱ्याऐंशी, अडुसष्ट साली आले, मंडळाचे संस्थापक आणि निवडणूक अधिकारी. ते ज्याच्या बाजूला बसतात त्याला वीस मतं आपोआप पडतात. मी त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर माझा कोट आणि टोपी टाकून ठेवली होती.

आल्या आल्या म्हणाले, आज शनिवार, मी पाळतो. म्हणजे मांस-मच्छी नाही. मला माहीत नव्हतं, पण मी म्हटलं, म्हणूनच तर इथे.

मुळ्याची वडी नावाचा प्रकार आहे, तव्यावर खरपूस भाजलेली. ती दोन प्लेट, पालेभाजीही दोन प्लेट, बाकीच्यांसाठी नेहमीचे मोदक. आणि कोंबडीचे पाय एक टोपली. ते कुणी खावेत म्हणून नव्हे, आपला परिचय किती खोलवर आहे हे कळावं म्हणून. सगळे आकडे ठसठशीत मराठीत लिहिले. विनी कागद बघत राहिली. कोंबडीच्या पायांवर बोट ठेवून तिने विचारलं, फाइन? मी म्हटलं, येस, फाइन. तिने पुन्हा विचारलं, शुअर? मी अंगठा दाखवला.

पाय यायला लागले. एक टोपली, दुसरी, तिसरी. नखांसकट, तांबूस, चिकट, वर काळ्या घेवड्याचा रस. दादासाहेबांच्या समोर, डावीकडे, उजवीकडे. टेबलाच्या मधल्या फिरत्या काचेवर जागा संपली तेव्हा एक त्यांच्या काठीजवळच्या खुर्चीवर ठेवली, जिथे माझा कोट होता. एकूण नऊ टोपल्या.

विनीला बोलावलं. तिने कागद दाखवला. मी स्वच्छ १ लिहिला होता. तिच्या मते तो नऊ. म्हणजे तिने फाइन विचारलंच नव्हतं, नाइन विचारलं होतं. यात माझी चूक काही नाही. आपला एक जगाला नऊ वाटतो, हा उलट शुभशकुन समजायला हवा.

दादासाहेबांनी नऊही टोपल्या बोटाने मोजल्या. मग म्हणाले, शैलेंद्र, हे कुणी तरी झाका. आम्ही झाकणं लावली. त्यांनी मुळ्याच्या वड्या खाल्ल्या. पाच. म्हणाले, आमची आई करायची तशी लागते, फक्त हिच्यात काही तरी जास्त आहे.

परत येताना गाडीत नंदूने फोनवर शोधून सांगितलं की जास्त आहे ते सॉसेज आणि सुका जवळा. त्याला म्हटलं, हे तुझ्या-माझ्यात. प्रचारात पारदर्शकता हवी, पण तिला वेळकाळ असतो.

कोंबडीचे पाय पार्सल आणले. सुनंदाने डबा उघडला, बंद केला, आणि थेट बेसमेंटच्या फ्रीजमध्ये ठेवला. समजूतदार आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार.

दादासाहेबांचा सकाळी सातला फोन. येताय ना न्यायला, आणि ती मुळ्याची वडी दोन प्लेट जास्त सांगा, एक घरी न्यायची आहे. मी म्हटलं, आज शनिवार. ते म्हणाले, म्हणूनच.

वीस मतं खिशात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

कालपासून बर्फ. घरासमोरचा ड्राइव्हवे फावड्याने दोनदा शोव्हल केला, म्हणजे एकदा मी आणि एकदा सुनंदाने. माझ्या पाठीत चमक आली. उमेदवाराने पाठ जपायची असते.

सुनंदा दहाला बाहेर पडली. म्हटलं, अशा बर्फात कुठे? म्हणाली, जयंती घ्यायला येतेय, मैत्रिणी भेटतोय. जयंती ही राजनची बायको. मला प्रथम धक्का बसला. मग लक्षात आलं की शत्रूच्या गोटात आपलं माणूस असणं फायद्याचंच. सुनंदाला म्हटलं, कान उघडे ठेव. ती म्हणाली, ठेवते.

एकला परत आली. काय कळलं विचारलं. म्हणाली, जयंतीचा गुडघा बदलायचा आहे. ही माहिती राजनच्या विरुद्ध कशी वापरता येईल, याचा विचार चालू आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी.

राजन आला होता. बोलावलेला नसताना. एका मतदाराबरोबर आला, म्हणाला, जागा आहे का हो शैलेंद्रराव? जागा नव्हती. विनीने खुर्ची आणून दिली.

आज भाषण चार मिनिटांवर आणलं होतं आणि बसूनच करणार होतो. तेवढ्यात एकाने राजनला विचारलं, गरम चहाने दाढ ठणकते, काय करू? झालं. राजनने चॉपस्टिक उलटी धरून त्याच्या तोंडात डोकावून बघितलं. मग दुसऱ्याने तोंड उघडलं. तासभर टेबलावर फक्त जबडे. दादासाहेबांनी कवळी काढून बशीत ठेवली आणि राजनने ती नॅपकिनने धरून नीट तपासली. शेजारच्या टेबलावरची चिनी आजी उठून आली आणि तिनेही आ केला.

राजन घाबरला आहे. नाही तर आला कशाला असता?

बिल द्यायच्या वेळी त्याने हात पुढे केला. मी करू दिला नाही. मोदक माझे होते, हे लोकांच्या लक्षात राहायला हवं.

१ मार्च, शनिवार.

नंदूला म्हटलं, आता सर्व्हे करू. आतापर्यंत एकतीस जण जेवून गेले. मी स्वतः एकेकाला फोन करून विचारलं. एकोणतीस जण म्हणाले, बघू. एक म्हणाला, कोण बोलतंय? एकाने मुळ्याची वडी मागितली, ते दादासाहेब.

नंदूचं म्हणणं, बघू म्हणजे नाही. मी त्याला समजावलं की मराठी माणसाला नाही म्हणायचं असेल तर तो स्पष्टपणे 'नक्की नक्की' म्हणतो. बघू हा विचार करून दिलेला होकार आहे.

सभासद ब्याऐंशी. एकतीस माझे, त्यांच्या बायका धरून बासष्ट. राजनला वीस उरतात. जरा वाईट वाटलं त्याचं.

४ मार्च, मंगळवार.

उमेदवारीचा फॉर्म आणला. रविवारी, नऊ तारखेला, दुपारी बाराच्या आत दादासाहेबांच्या घरी द्यायचा. राजनने पहिल्याच दिवशी भरून टाकला म्हणे. अननुभवी. फॉर्म शेवटच्या क्षणी भरायचा असतो, म्हणजे समोरच्याला डावपेच बदलायला वेळ मिळत नाही. मी बाराला पाच कमी असताना दादासाहेबांची बेल वाजवणार.

सूचक नंदू, अनुमोदक सुनंदा. तिने सही केली. विचारलं, आजच देऊन या की, रस्त्यातच तर घर आहे. तिला डावपेच समजावून सांगितले. सही केलेला फॉर्म हातात धरून ती जरा उभी राहिली. म्हणाली, मग त्या हॉटेलात कधी जायचं आपण? म्हटलं, आता काय, महिन्याभराचा प्रश्न. तिने फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि कुकर लावायला गेली.

९ मार्च, रविवार. सकाळी साडेनऊ.

निर्णायक दिवस. अंघोळ, नवा शर्ट. फोन मुद्दाम घरी ठेवतोय, अशा दिवशी कुणाचं ऐकायचं नाही. मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं किल्लीचं घड्याळ. छत्तीस वर्षांत मिनिटभर चुकलेलं नाही.

सुनंदा चहा देताना म्हणाली, अहो, आज वेळ बदललीय, लक्षात आहे ना? तिच्या तोंडून राजकीय मत पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, वेळ आपोआप बदलत नाही, बदलणारा लागतो. ती माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

आधी एकटाच मोदक खाऊन येतो. अकराच्या आत. मग दादासाहेब.

त्याच दिवशी. दुपारी. किती वाजले ते लिहीत नाही.

घटना होत्या तशा लिहितो.

हॉटेलात पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात दहा चाळीस. विनी म्हणाली, सॉरी बॉस, सकाळचा दर संपला. मी घड्याळ दाखवलं. तिने भिंतीवरचं दाखवलं, त्यात अकरा चाळीस. माझ्या तत्काळ लक्षात आलं की गर्दीच्या रविवारी स्वस्त दर टाळायला यांनी घड्याळ तासभर पुढे सरकवलं आहे. भांडलो नाही. म्हटलं, पूर्ण दर देईन, पण ही पद्धत बरी नव्हे. ती म्हणाली, गव्हर्नमेंट, बॉस. मी म्हटलं, सरकारला मध्ये आणू नका.

अगदी शांतपणे खाल्लं. निर्णायक दिवशी घाई करणारा माणूस घाबरलेला वाटतो. दोन टोपल्या मोदक, एक तांदळाची गुंडाळी, वर आंब्याचं पुडिंग. फॉर्मवर सोया सॉसचा एक थेंब पडला तो पुसला.

बाराला बरोबर पाच कमी असताना दादासाहेबांची बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. ते हात पुसत आले. जेवण झालं होतं. म्हणाले, या या, वडी आणली का?

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पाऊण वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, तुमचंही घड्याळ पुढे आहे. ते म्हणाले, शैलेंद्र, सगळ्या कॅनडाचंच पुढे आहे. उन्हाळ्याची वेळ सुरू झाली, सरकारने रात्री दोनला तीन वाजवले.

मी सासऱ्यांचं घड्याळ दाखवलं. त्यांनी हातात घेऊन पाहिलं, कानाला लावलं, छान चालतंय म्हणाले. मग म्हणाले की नियम मीच अडुसष्टात लिहिलाय, बारा म्हणजे बारा. राजनचा एकच फॉर्म आला, तो बिनविरोध. साडेबाराला त्याला फोन करून अभिनंदन कळवलं.

बसा म्हणाले. कढी होती. नको म्हटलं.

घरी सुनंदाने विचारलं, झालं? मी म्हटलं, तांत्रिक मुद्दा निघाला. तिने माझ्या मनगटावरून घड्याळ काढून घेतलं, तासभर पुढे केलं आणि परत दिलं. म्हणाली, दर वर्षी मीच करते, या वर्षी मी हात लावायच्या आधीच तुम्ही घातलंत. आणि पोळ्या लाटायला गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

११ मार्च, मंगळवार.

दादासाहेबांना लेखी हरकत दिली. मुद्दे दोन. घड्याळं पुढे करणं सूर्याच्या विरुद्ध आहे. आणि मंडळ मराठी असल्याने त्याला भारतीय वेळ लागू व्हायला हवी. त्यांचं उत्तर फोनवर आलं. भारतीय वेळेने, म्हणाले, तुम्ही साडेदहा तास उशिरा आलात.

त्यांचा आवाज मऊ होता. शनिवारी न्यायला येणार ना, असंही विचारलं.

३० मार्च, रविवार. पाडवा. दुपारी चार.

हॉल भरला होता. हीटिंग चालू होतं, ही एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट.

राजनने भाषणात माझं नाव घेतलं. म्हणाला, हिवाळ्यात आपले लोक घरात अडकून पडतात, बोलायला कुणी नसतं. यंदा मंडळाच्या वतीने शैलेंद्ररावांनी त्यांना बाहेर काढलं, खाऊ घातलं. मंडळाच्या वतीने. टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार करेपर्यंत तो पार्किंगच्या विषयावर गेला होता.

पुढे जाहीर केलं की दर महिन्याला मंडळाची डिम सम सकाळ होईल. संयोजक नंदू. नंदू माझ्या शेजारीच बसला होता. म्हणाला, भाऊजी, मला काल विचारलं त्यांनी, मी म्यूटवर होतो, मान हलवली.

जेवताना एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, अहो तुम्ही उभेच नव्हतात, असतात तर तुम्हालाच. एकतीसच्या एकतीस. म्हणजे गेल्या वर्षीच्या जवळजवळ तिप्पट. मनातल्या मनात हा आकडा मोजला आणि श्रीखंड परत घेतलं.

सुनंदा आणि जयंती स्वयंपाकघरात होत्या. मी डोकावलो तेव्हा हसणं थांबलं.

१ एप्रिल, मंगळवार.

सकाळी साडेनऊला तयार होऊन बसलो. प्रचार नाही हे मान्य, पण सवय लागली आहे. सहा जणांना फोन केले. एकाला डॉक्टरकडे जायचं होतं, एकाच्या घरी प्लंबर. तिसऱ्याने आपण गाडी चालवतोय असं सांगितलं, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. दादासाहेब म्हणाले, आता मंडळाचाच आहे ना कार्यक्रम, तेव्हाच भेटू. नंदूची मीटिंग होती. खरी.

घरी पोहे केले. एकट्यापुरते करता येत नाहीत, उरले.

३ एप्रिल, गुरुवार. दुपारी दीड.

आज ठरवलं, दिलेला शब्द पाळायचा. सुनंदाला घेऊन जायचं. गुरुवार, तिची सुट्टी. अचानक सांगून तिला चकित करायचं म्हणून दाढी करून खाली आलो तर ती घरात नव्हती.

साडेबाराला आली. हातात पांढरा पार्सलचा डबा. तो डबा मी कुठेही ओळखीन. म्हटलं, तू तिथे गेली होतीस? म्हणाली, हो, दर गुरुवारी जातो आम्ही. जयंती, मी, आणखी आठ जणी. जानेवारीपासून.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

ती बूट काढत होती. म्हणाली, तुम्ही म्हणालात निवडणुकीनंतर. मला भूक आधी लागली.

रागाने नाही म्हणाली. बूट जागेवर ठेवले, डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. तांदळाची गुंडाळी होती. खाल्ली. चांगली होती. मला विचारायचं होतं की त्या दहा जणी तिथे दीड-दीड तास कशावर बोलतात. विचारलं नाही. दहापैकी एकीलाही मी न्याहारीला बोलावलं नव्हतं, हे आज लक्षात आलं. बायकांची मतं मी नवऱ्यांबरोबर धरली होती.

७ एप्रिल, सोमवार.

सुनंदाला म्हटलं, येत्या गुरुवारी मीही येतो. तिने क्षणभर विचार केला. म्हणाली, या. पण टेबल दहाचंच मिळतं. मी म्हटलं, होईल काही तरी, विनी मला ओळखते.

गुरुवारी काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं. दोनच मिनिटं. माफी असं नाही, पण त्या दिशेने.

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी एक.

ओला बर्फ पडत होता. गाडी मी चालवली, सुनंदा शेजारी, मागे जयंती गुडघा धरून. दोघींना दारात सोडून गाडी पार्क करून आत गेलो. दहा खुर्च्या, दहा बायका. विनी म्हणाली, हाय बॉस, आणि माझ्या मागे बघत म्हणाली, वन पर्सन?

मला एका चिनी जोडप्याच्या टेबलावर बसवलं. ऐंशीच्या पुढचे. आजोबांनी स्वतःच्या किटलीतून मला चहा ओतला. इंग्रजी चांगलं होतं त्यांचं. किती वर्षं झाली इथे, विचारलं. तीस म्हटलं. त्यांना बावन्न. मुलं? एक मुलगी, लंडनला. इंग्लंड? नाही, इथलंच. ही दुरुस्ती मी प्रथमच केली. त्यांनी भाषणाला विषय दिला नाही, मीही मागितला नाही. त्यांच्या बायकोने न विचारता एक मोदक माझ्या बशीत ठेवला.

मग आजोबांनी विचारलं, एकटाच येतोस? मी म्हटलं, नाही, माझी बायको तिकडे बसली आहे. त्यांनी वळून त्या टेबलाकडे पाहिलं. सगळ्या काळ्या-निळ्या जॅकेटातल्या, पाठमोऱ्या. विचारलं, कोणती?

मला सांगायला वेळ लागला नाही. एकजण बोलत होती, हातवारे करून, आणि बाकीच्या नऊ खाणं थांबवून ऐकत होत्या. टोपल्यांची झाकणं उघडी, वाफ जाऊ दिली होती. कुणीतरी शेवटचा नग तिच्या बशीत सरकवला. ती बोलतच राहिली. काय सांगत होती ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही.

ती, मी म्हटलं.

आजोबा म्हणाले, लीडर. मी हो म्हटलं.

पावणेबाराच्या सुमारास ती वळली, मला शोधलं आणि हात वर केला. बोलावतेय असं वाटलं. मी खिशातला कागद चाचपत उठलो, आजी-आजोबांचा निरोप घेतला, शर्ट नीट केला आणि त्यांच्या टेबलापाशी गेलो. दहाही जणी माझ्याकडे बघायला लागल्या. अशी शांतता मला सबंध हिवाळ्यात मिळाली नव्हती.

सुनंदा म्हणाली, अहो, जयंतीला लांब चालवत नाही, गाडी जरा दाराशी आणा.

आणली.